व्हिएन्नात मन रमले, हे आईला कसे सांगू?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

एकोणचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनीने व्हिएन्नाहून लिहिले आहे. त्या मूळच्या साताऱ्याच्या. औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील नोकरीसाठी त्या साडेचार वर्षांपूर्वी पती आणि मुलासह तेथे गेल्या. 'तीन वर्षे राहायचे आणि परत यायचे' असे तेव्हा घरात सर्वांसमक्ष ठरले होते. पहिली दोन वर्षे त्यांना ते शहर अजिबात आवडले नाही. पुढे नेमके कधी आणि कशाने ते त्यांनाही सांगता येत नाही, पण मन बसत गेले. गेल्या डिसेंबरात त्या साताऱ्याला आल्या असता दहाव्याच दिवशी त्यांना परतीचे वेध लागले, आणि व्हिएन्नाच्या श्वेखाट विमानतळावरून शहराकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसताना त्या सहज म्हणून गेल्या, "आलो बाई घरी." पतीने चमकून पाहिले, त्या रात्री या भगिनींना झोप लागली नाही. पतीचे मन तेथे कधीच लागले नाही. ते पुण्यातील कंपनीचे काम घरूनच करतात. मुलगा नऊ वर्षांचा असून आता चौथीत जाईल. साताऱ्याला अडुसष्ट वर्षांची आई एकटी राहते. तिला दर रविवारी फोन करताना या भगिनी तेथील थंडीबद्दल, भाजीबद्दल आणि माणसांच्या तुसडेपणाबद्दल ठरवून तक्रारी करतात, कारण "मला इथे आवडतं असं म्हटलं, तर आता ही येत नाही असं आईला वाटेल." त्यांचा प्रश्न असा: मी कृतघ्न झाले आहे का? हे गुंतणे वेळीच आवरावे का? की आणखी मुळे रुजण्याआधी आत्ताच परत यावे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्याचा बहुतेक भाग तुम्ही स्वतःवर आरोपपत्र दाखल करण्यात खर्च केला आहे, आणि त्या शहरात तुम्हाला आवडते तरी काय, याला जेमतेम एक परिच्छेद दिला आहे. पण त्या परिच्छेदातील वाक्ये निराळीच आहेत. नळाचे पाणी ऐन जुलैतही दात शिवशिवतील इतके गार येते, हे तुम्ही लिहिले आहे. दोन वर्षे लिफ्टमध्ये "ग्र्यूस गॉट" एवढेच पुटपुटणाऱ्या शेजारच्या आजींनी तिसऱ्या वर्षी न बोलता आलुबुखाराच्या मुरंब्याची बाटली दारात ठेवली, हे लिहिले आहे. मंगळवारी समूहगायनाचा सराव आटोपून रात्री साडेदहाला ४३ क्रमांकाच्या ट्रामने एकटीने घरी येताना आपण गुणगुणत असतो, हेही लिहिले आहे. उरलेल्या पत्रात तुम्ही घाबरलेल्या आहात, या परिच्छेदात नाहीत. म्हणून उत्तराची सुरुवात मी येथूनच करते.

आपल्या भाषेत 'रमणे' हे क्रियापद मोठे सोयीने वापरले जाते. मुलगी सासरी रमली, की ती आनंदाची बातमी ठरते. माझी आई सावंतवाडीची. लग्न होऊन ती सोलापूरला आली, तेव्हा तिला तेथील ऊन सोसेना, पाणी जड वाटे, आणि कडक भाकरी आमटीत चुरून खायची असते हेही ठाऊक नव्हते. दहा वर्षांनी मात्र माहेरी गेल्यावर पावसाच्या झडीत तिचा जीव कोंदटू लागे, आणि चार दिवसांत ती शेंगाचटणीची आठवण काढी. आजीने ते कौतुकाने गावभर सांगितले: "आमची पोर रमली हो तिकडे." सावंतवाडीशी बेइमानी झाली, असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. तुमच्या बाबतीत नेमके तेच घडले आहे, फक्त गावाचे नाव सोलापूर नाही. तेवढ्याने कौतुकाचा शब्द आरोपाचा झाला, आणि तो आरोप करणारी दुसरी कोणी नसून तुम्हीच आहात; संपूर्ण पत्रात आई, पती किंवा अन्य कोणी तुम्हाला एकदाही कृतघ्न म्हटल्याचा उल्लेख नाही.

अर्थात दोन्ही गोष्टी अगदी सारख्या आहेत असे म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. माझ्या आईला निवडीचा अधिकार नव्हता. तिला जेथे धाडले तेथे ती रमली. आपल्या समाजाला असहायतेतून आलेले रमणे गोड वाटते, आणि स्वतः निवडलेल्या ठिकाणी कोणी, विशेषतः एखादी बाई, रमली की त्यात स्वार्थाचा वास येऊ लागतो. तुमच्या अपराधी भावनेचा मोठा हिस्सा या जुन्या हिशेबातून आला असावा, अशी मला शंका आहे. उरलेला हिस्सा मात्र खरा आहे, कारण आईचे वय वाढते आहे आणि तीन वर्षांचा दिलेला शब्द उलटून गेला आहे. या दोन गोष्टींची तड लावावी लागेल, पण ती लावण्यासाठी व्हिएन्ना नावडती करून घेण्याची काहीही आवश्यकता नाही. कृतज्ञता माणसांची ठेवायची असते, आणि ती वेळ देऊन, पैसा खर्चून, धावून जाऊन व्यक्त होते. एखादे शहर न आवडून घेण्याने आईचे कोणते ऋण फिटणार आहे?

आता रविवारच्या फोनविषयी. तुमच्या पत्रातील मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे. तक्रार हे आपल्याकडे प्रेमाचे चलन असते, हे मी जाणते. 'इथे काही खरं नाही गं आई' असे म्हणणारी लेक 'मला तुझी आठवण येते' एवढेच सांगत असते. पण साडेचार वर्षे, दर आठवड्याला, हेच चलन वापरल्यावर साताऱ्यातील त्या घरात काय साठले असेल, याचा विचार करा. आईच्या मनातील तुमचे चित्र थंडीत कुडकुडणाऱ्या, धड भाजी न मिळणाऱ्या, कोणी न बोलणाऱ्या मुलीचे आहे. तिला दुःख होऊ नये म्हणून तुम्ही जे करता आहात, त्यानेच बहुधा तिच्या जिवाला घोर लावला असेल. किंवा तिला सगळे कळत असेल, आणि तुम्हाला बरे वाटावे म्हणून तीही दर रविवारी हळहळत असेल. आयांच्या बाबतीत ही शक्यता मी कधीच नाकारत नाही.

दुसरा तोटा तुमचा स्वतःचा आहे. तुम्ही व्हिएन्नाविषयी मराठीत जे काही बोलता, ते बहुतेक या फोनवरच बोलत असणार. त्यामुळे त्या शहराविषयीची तुमची मराठी केवळ तक्रारीची उरली आहे, आणि तेथील आनंद जर्मनमध्ये किंवा इंग्रजीत तरी राहिला, नाही तर नुसता मनात राहिला. जो आनंद मातृभाषेत कोणालाच सांगता येत नाही, तो चोरीचा वाटू लागला तर नवल नाही.

यावर माझी पहिली सूचना अगदी लहान आहे. 'आई, मला इथे आवडते' अशी घोषणा करू नका; घोषणेला ती निर्णय समजेल आणि तुम्हीही समजाल. त्याऐवजी दर फोनला खरी, ठोस आणि चांगली अशी एकच गोष्ट सांगा. ऑस्ट्रियात खसखस किती खातात ते सांगा: पांढरी नव्हे, निळसर करडी, ती दळून, साखर घालून, वाफवलेल्या गोड गोळ्यावर वितळलेल्या लोण्यासह पसरतात, आणि पहिल्यांदा ते पाहिल्यावर आपल्याला अनारसे आठवले होते की नाही, ते सांगा. जुलैत वाखाऊ खोऱ्यातील ताजे जर्दाळू बाजारात आले की त्यांना पिठाच्या पारीत गुंडाळून उकळत्या पाण्यात सोडतात, हे ऐकल्यावर ज्या बाईने आयुष्यभर मोदक वळले ती पारीच्या पिठाची चौकशी केल्याशिवाय राहणार नाही. टोमॅटोला जर्मनीत टोमाटे म्हणतात आणि व्हिएन्नात पाराडायझर, म्हणजे जवळजवळ स्वर्गफळ, हेही तिला सांगण्याजोगे आहे. तक्रारी पूर्ण बंद करू नका. नोव्हेंबरात चार-सव्वाचारला सूर्य मावळतो, ही तक्रार खरीच आहे. खऱ्या तक्रारी राहू द्या, ठरवून केलेल्या सोडून द्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तुम्ही तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत, पण ते एकाच दोरीला बांधलेले आहेत असे तुम्ही गृहीत धरले आहे: शहर आवडले म्हणजे तेथे राहायचे, आणि परत यायचे असेल तर आवडता कामा नये. हे गृहीतक मला मान्य नाही. चाळीस वर्षे मुंबईला शिव्या घालत मुंबईतच राहिलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत, आणि एखाद्या गावावर जीव टाकून बदलीच्या आदेशासरशी ते सोडून गेलेले सरकारी नोकरही आहेत. आवडणे आपोआप घडते, राहणे मात्र ठरवावे लागते, आणि ते ठरवताना आवडीला एक मत द्यावे, नकाराधिकार देऊ नये. गुंतण्याआधी निघून यावे, हा तुमचा तिसरा प्रश्न तर मला सर्वांत कमी पटला. तुम्ही गुंतलेल्या आहातच. आता घाईने निघालात तर अर्धवट सोडलेल्या गोष्टीची रुखरुख घेऊन पुण्यात उतराल, आणि त्या रुखरुखीचे बिल घरातील माणसांच्या नावावर फाडले जाईल.

त्याआधी एक गोष्ट तपासून पाहा. तुम्हाला जे आवडते ते व्हिएन्ना आहे, की व्हिएन्नात तुम्ही जशा झालात ते? रात्री साडेदहाच्या ट्राममधील गुणगुणणे मला पुन्हा पुन्हा आठवते आहे. त्या वेळी तुम्ही कोणाची सून नसता, वहिनी नसता, 'इतक्या उशिरा कुठून' असे विचारणारे कोणी नसते. परदेशात रमलेल्या कित्येक मराठी स्त्रिया ज्याला शहराचे प्रेम म्हणतात, त्यात अशा मोकळ्या श्वासाचा भाग फार मोठा असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण तसे असेल तर आवडीची वाटणी करता येते. नळाचे पाणी सोबत आणता येणार नाही: १८७३ आणि १९१० मध्ये सुरू झालेल्या दोन जलवाहिन्यांतून ते आल्प्सच्या झऱ्यांपासून, जवळजवळ सर्व वाट केवळ उताराने, पंपावाचून शहरात येते, आणि त्याला पुण्यात पर्याय नाही. मंगळवारचे गाणे मात्र आणता येईल. एकटीने फिरण्याची सवय आणता येईल, थोडी झगडून. संध्याकाळी सहानंतर कार्यालयाचे काम बाजूला ठेवण्याचा बाणा आणता येईल, बऱ्याच झगड्याने. असे एकेक आठवून वहीत लिहा. वहीत 'आणता येणार नाही' या बाजूला किती उरते, यावरून शहराचा खरा वाटा कळेल.

शहराच्या वाट्याला जे येईल, तेही पारखून घ्या. पाहुण्याचे आवडणे आणि रहिवाशाचे आवडणे यांत फरक असतो. राहण्याजोग्या शहरांच्या जागतिक क्रमवारीत व्हिएन्ना २०२२ पासून सलग तीन वर्षे पहिली होती, आणि परदेशातून येऊन राहिलेल्यांच्या सर्वेक्षणांत तीच व्हिएन्ना आपुलकीच्या बाबतीत तळाशी असते. पहिल्या दोन वर्षांत तुम्हाला जो तुसडेपणा जाणवला, तो तुमच्या मनाचा खेळ नव्हता. आज त्या शहरातील दर दहा माणसांत साधारण चार जण ऑस्ट्रियाबाहेर जन्मलेले आहेत, आणि तरीही मतदानाच्या वयाच्या एक तृतीयांशाहून अधिक रहिवाशांना नागरिकत्व नसल्यामुळे तेथील नगरपरिषद निवडता येत नाही. दुसरीकडे, अस्सल व्हिएन्नी म्हणवणाऱ्यांची नोव्हाक, स्वोबोडा अशी आडनावे चेक आहेत, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बोहेमिया-मोराव्हियातून आलेल्या मजुरांनी आणि स्वयंपाकिणींनी तेथे घरे मांडली. शेजारच्या आजींच्या बाटलीतील 'पोव्हिडल' हा शब्दही त्यांच्याच बरोबर आला. याच शहरातून १९३८ नंतर, नाझी राजवटीत, हजारो ज्यू कुटुंबांना हुसकून लावले गेले, आणि जी राहिली त्यांतील बहुतेकांना मारण्यात आले. लिओपोल्डश्टाट या जुन्या ज्यू वस्तीच्या भागातील पदपथांवर त्यांच्या नावांचे पितळी फलक तुम्ही पाहिले असतील. हे सर्व माहीत असूनही, आणि नोव्हेंबरातील धुक्याचा सलग तिसरा आठवडा चालू असतानाही जी माया टिकते, तिच्यावर निर्णयाचा भार टाकायला हरकत नाही. म्हणून मे महिन्यात, चेस्टनटची झाडे फुललेली असताना, काहीही ठरवू नका. डिसेंबरात साताऱ्याला, घर पाहुण्यांनी भरलेले आणि हुरड्याचे बेत चाललेले असतानाही ठरवू नका.

आता तुमच्या पतीविषयी. पत्रात त्यांच्याबद्दल तीनच वाक्ये आहेत, आणि तिन्हींचा सूर 'त्यांना आवडत नाही' एवढाच आहे. माझ्या मते त्यांना व्हिएन्ना नावडली असे म्हणणेही पूर्ण बरोबर नाही, कारण ते व्हिएन्नात राहिलेलेच नाहीत. ते साडेचार वर्षे एका खोलीत राहिले, जिच्या खिडकीबाहेर व्हिएन्ना होती. सकाळी पुण्याच्या वेळेला काम सुरू, बोलणे मराठीत आणि इंग्रजीत, दुपारी काम संपते तेव्हा तुम्ही कार्यालयात आणि मुलगा शाळेच्या डे-केअरमध्ये. तुमच्या वाट्याला सहकारी आले, जेवणाच्या वेळी जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाने "मालत्साइट" म्हणण्याचा प्रघात आला, गाण्याचा वर्ग आला. त्यांच्या वाट्याला यांपैकी काय आले? नोकरीपाठोपाठ गेलेल्या बायकांचे हे एकटेपण आपल्याला चांगले परिचयाचे आहे. नवरा मागोमाग गेला की तेच दुखणे ओळखू येत नाही, आणि पुरुषाला ते बोलूनही दाखवता येत नाही.

त्यांना पटवण्याच्या फंदात मात्र पडू नका. शहराचे गुण ऐकून कोणाला शहर आवडल्याचे मी पाहिलेले नाही. त्यांना जागा हवी आहे, म्हणजे घराबाहेरची, तुमच्या ओळखीने न मिळालेली. आठवड्यातून दोन दिवस बाहेरच्या सामायिक कार्यालयात बसणे, शहराच्या लोकशिक्षण केंद्रातील जर्मनचा संध्याकाळचा वर्ग, किंवा क्रिकेटची आवड असेल तर क्लबची चौकशी, असे काहीही चालेल. व्हिएन्नाजवळ झेबार्नला क्रिकेटचे मैदान आहे, हे ऐकून पुष्कळ भारतीय चकित होतात. एक वर्ष असा मनापासून प्रयत्न करूनही त्यांना तेथे नकोसेच वाटले, तर ते नकोसे वाटणे तुमच्या आवडीइतकेच वजनदार मानावे लागेल.

आणि त्या 'तीन वर्षां'बद्दल त्यांच्याशी स्पष्ट बोला. तो शब्द तुम्ही दोघांनी मिळून दिला होता, तो दीड वर्षापूर्वी संपला, आणि कोणीही काही न बोलता मुदत वाढली. पतीने लोकलमध्ये चमकून पाहिले ते 'घरी' या शब्दामुळे नसावे. मुदतवाढ झाली आणि आपल्याला विचारले गेले नाही, हे त्यांना त्या क्षणी कळले असावे. माझा तर्क चुकीचा असू शकेल. पण या एका बाबतीत तुमच्याकडे खरोखर काही देणे लागते, आणि ते माफी व नवी तारीख अशा दोन्ही रूपांत द्यावे असे मला वाटते.

तारीख ठरवताना भावनांपेक्षा दिनदर्शिका अधिक उपयोगी पडेल. ऑस्ट्रियात प्राथमिक शाळा चार वर्षांची असते आणि दहाव्या वर्षीच मुलांच्या वाटा फुटतात: काही गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला जातात, काही मिटेलशूल या सर्वसाधारण माध्यमिक शाळेला. चौथीचे सहामाही प्रगतिपुस्तक साधारण फेब्रुवारीत मिळते आणि पुढील शाळेचा प्रवेश त्यावर अवलंबून असतो. म्हणजे तुमच्या मुलासाठी येता हिवाळा हा खरा वळणाचा काळ आहे. पाचवीला भारतात आणणे आणि आठवीला आणणे यांत पुष्कळ अंतर आहे, विशेषतः त्याला मराठी वाचता-लिहिता येत नसेल तर. ते येत नसल्यास, राहायचे की परतायचे याची वाट न पाहता आजपासून रोज पंधरा मिनिटे देवनागरी सुरू करा. ते दोन्ही वाटांवर उपयोगी आहे.

दुसरी तारीख परवान्याची. तुम्हाला साडेचार वर्षे झाली आहेत. सलग पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर, उत्पन्नाच्या अटी आणि बी-१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन परीक्षा पूर्ण केल्यास, दीर्घ मुदतीच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. परत येण्याचे ठरले तरी हे सहा महिने पूर्ण करून तो मिळवावा, असे मी म्हणेन. मात्र युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर सलग बारा महिने राहिल्यास तो सामान्यतः रद्द होतो, त्यामुळे त्याला कायमचा उघडा दरवाजा समजू नका. नागरिकत्व हा याहून वेगळा आणि दूरचा विषय आहे. ऑस्ट्रिया सहसा पूर्वीचे नागरिकत्व सोडायला लावते, आणि भारतही दुहेरी नागरिकत्व मानत नाही. शहर आवडले म्हणून पासपोर्ट बदलावा लागत नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अनेक वाचक या दोन गोष्टींची गल्लत करून विनाकारण घाबरतात. नियम बदलत असतात. अर्ज करण्यापूर्वी संबंधित कार्यालयाकडून आणि जाणकार सल्लागाराकडून खात्री करून घ्या.

राहता राहिली आई, म्हणजे खरे तर सर्वांत मोठा प्रश्न. 'परत येणे' म्हणजे नेमके कोठे येणे, हे तुम्ही कोठेही लिहिलेले नाही. तुमच्या क्षेत्रातील नोकरी साताऱ्यात मिळण्याची शक्यता कमी. तुम्ही पुण्यात याल, आणि आई साताऱ्यालाच राहील. शंभर-सव्वाशे किलोमीटर आणि खंबाटकीचा घाट मध्ये राहील. व्हिएन्नाच्या मानाने हे अंतर काहीच नाही हे कबूल. मध्यरात्री फोन आला तर पहाटेपर्यंत पोहोचता येईल, आणि या एका सोयीसाठी परतलेल्या माणसांना मी मुळीच वेडे म्हणणार नाही. पण 'आम्ही परतलो की आई एकटी राहणार नाही' असे समजत असाल, तर ते तपासा. ती पुण्याला येईल का? तिला यायचे आहे का? तिच्या भिशीच्या मैत्रिणी, सकाळचे 'चार भिंती' या टेकडीवरील स्मारकापर्यंतचे फिरणे, वाड्यातील विहीर असे सगळे सोडून तिने पुण्यातील अकराव्या मजल्यावर यावे असे तुम्हाला वाटत असेल, तर रमण्याचा प्रश्न आता तिच्यासमोर येईल. तिला काय हवे आहे हे तिला थेट विचारल्याचा उल्लेख पत्रात नाही. विचारा.

दरम्यान, निर्णय कोणताही होवो, साताऱ्यातील व्यवस्था याच वर्षी उभी करा. घराची एक किल्ली कोणाकडे, अर्ध्या तासात पोहोचू शकणारी दोन माणसे कोण, नेहमीचे डॉक्टर तुमच्याशी थेट बोलायला तयार आहेत का, औषधांची व विम्याची कागदपत्रे कोठे आहेत, आणि अचानक निघावे लागले तर तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेले आहेत का, हे सगळे एका कागदावर लिहून त्याची प्रत आईकडेही द्या. मस्कत, सिंगापूर किंवा थेट बेंगळुरूहून मला लिहिणाऱ्या वाचकांनाही माझे हेच सांगणे असते. अपराधी भावनेचा बराच भाग खरे तर अपुऱ्या तयारीची भीती असते, आणि भीतीवर कागद चांगला चालतो.

आणि आईला बोलवा, पण पर्यटक म्हणून नको. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. त्यासाठी प्रवासविमा लागतो आणि तिच्या वयाला तो थोडा महाग पडेल. जून ते ऑगस्ट उत्तम. शॉनब्रुनचा राजवाडा एका दुपारी उरका. बाकीचे दिवस तिला ब्रुनेनमार्क्टच्या भाजीबाजारात न्या, जेथे तुर्की विक्रेते वांगी आणि कोथिंबीर ओरडून विकतात आणि पिशवीला 'साकर्ल' म्हणतात. तिला कोपऱ्यावरच्या बेकरीत एकटीला पाठवा. शेजारच्या आजींकडे तिच्या हातची लिंबाच्या लोणच्याची बाटली पोहोचू द्या. दोघींना एकमेकींचे एक अक्षर कळणार नाही. तरीही तुम्ही कोठे राहता हे तिला तीन महिन्यांत जेवढे कळेल, तेवढे साडेचार वर्षांच्या फोनमधून कळलेले नाही.

तेथून ती परत जाताना काय म्हणेल हे मी सांगू शकत नाही. 'आता तुम्ही इथेच राहा' म्हणेल, किंवा 'सगळं छान आहे, पण माझ्या डोळ्यांदेखत असा' असेही म्हणेल. दुसरे म्हणाली तर ते ऐकून घ्या आणि पतीबरोबर ठरवलेल्या तारखेच्या वेळी मोजणीत धरा. तोवर, या रविवारी फोन कराल तेव्हा, थंडीचा विषय निघण्याआधी खसखशीचे सांगा. आणि पुढील पत्रात आई त्यावर काय म्हणाली ते अवश्य कळवा. करड्या खसखशीच्या अनारशांबद्दल तिचे मत काय पडते, हे मलाही ऐकायचे आहे.